जाड आवाजाच्या तबकड्या

शनिवारच्या बाजारात बन्सीलालच्या पथारीवर एक माणूस स्पीकरवर हात ठेवून उभा होता. म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा—सगळा पंजा टेकवून, निवांत.

अनुजा देवस्थळी थोडा वेळ थांबली. मग आणखी थोडा वेळ थांबली. तिला वडिलांच्या रेकॉर्ड प्लेअरसाठी सुई हवी होती, आणि बन्सीलालकडे सुईपासून कवळीपर्यंत सगळं असे. कवळी तर बरीच वर्षं होती. ती एक दिवस विकली जाईल यावर त्याची श्रद्धा होती.

"जरा सरकता का?" ती म्हणाली. "मला त्या खोक्यातल्या तबकड्या बघायच्यात."

माणसानं वळून पाहिलं. सव्वीस-सत्तावीसचा असेल. सावळा, उंच, केसांत कसलासा धागा अडकलेला. त्यानं तिच्या डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे पाहिलं. आणि मग जरा वेळानं म्हणाला, "त्या माझ्या आहेत."

"सगळ्या?"

"सगळ्या. आत्ताच घेतल्या."

"वेचाई गया, बेन," बन्सीलालनं मान हलवली. विकल्या गेल्या. नानपुऱ्यातल्या एका पारशी म्हाताऱ्याचं घर रिकामं झालं होतं, त्यातलं हे खोकं. त्यातलीच एक तबकडी चालते का हे दाखवायला त्यानं लावली होती. स्पीकर कपाटाएवढा. त्यातून काहीतरी चाललं होतं… मोठ्या लाकडी घरात कोणी अनवाणी, विचार करत फिरावं तसं.

अनुजानं सगळ्यात वरचं कव्हर पाहिलं. एक माणूस आपल्यापेक्षा उंच वाद्याला मिठी मारून उभा होता. व्हायोलिनचा थोरला काकाच.

"डबल बेस!" ती म्हणाली. "तुम्ही जॅझ ऐकता?"

"हे जॅझ आहे का?"

"मग काय वाटलं तुम्हाला?"

"काही नाही वाटलं. मी शिलाई मशीनचा पट्टा घ्यायला आलो होतो. आईच्या." तो थांबला. "हे आवडलं."

"घरी प्लेअर कुठला आहे?"

"प्लेअर नाहीये."

"मग वाजवणार कशावर?"

त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. "ते राहिलंच."

अनुजा हसली. त्या वेळी तिच्या हातात पोंकाचा कागद होता. हुरड्याच्या त्या हिरव्या दाण्यांवरची शेव हसण्यानं खाली सांडली, आणि ती सांडलेली शेव त्यानं पाहिलीच नाही. तो अजून तिच्या ओठांकडेच बघत होता.

"सारखं तोंडाकडे काय बघताय हो?"

"ऐकतोय," तो म्हणाला.

आतापर्यंत तिला पाहायला तीन स्थळं आली होती. एकानं फ्रीज पाहिला, एकानं वडिलांची बँकेतली हुद्द्याची पाटी पाहिली, आणि तिसऱ्यानं पोहे. तिचं बोलणं इतक्या मन लावून कोणीच ऐकलं नव्हतं. तिचे कान तापले. थंडी होती, म्हणून ते कुणाला कळलं नाही.

"आमच्याकडे प्लेअर आहे," ती म्हणाली. "रविवारी सकाळी या. तबकड्या घेऊन."

*

वाचकापासून लपवण्यात अर्थ नाही. योगेंद्र बाविस्कर खरोखरच ऐकत होता. तिच्या ओठांवरून.

सुरतेतल्या नवागाम या खानदेशी वस्तीत पोरांना मिसरूड फुटायच्या आत लूम्सच्या खात्यात उभं करतात. खातं म्हणजे कारखाना. सुरतेत त्याला असंच म्हणतात. योगेंद्रही उभा राहिला. एका छपराखाली साठ माग, आणि प्रत्येक मागावर धोटा इकडून तिकडे आपटतोय. तो आवाज आधी कानात शिरतो, मग हाडात, मग स्वप्नात. आणि जाताना तो रिकाम्या हातानं जात नाही. कानातला वरचा मजला घेऊन जातो.

योगेंद्रचा आधी रातकिडा गेला. नवागामात आता घरं फार झाली, किडे राहिले नाहीत, असं तो समजत होता. मग सायकलची घंटी गेली. मग कुकरची शिटी. मग सिनेमाच्या गाण्यातली बाई गेली, फक्त तिच्यामागचा ढोलक राहिला. गाणी आता पूर्वीसारखी बनत नाहीत, असं तो मित्रांना सांगू लागला. हे सगळेच सांगतात, त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

आणि त्या शनिवारी बाजारात एक आवाज त्याच्याकडे अख्खा चालत आला. ताग्यासारखा, दोन्ही किनारींसकट. कितीतरी वर्षांत काही अख्खं ऐकलं नव्हतं त्यानं. त्यानं खोकं विकत घेतलं, कारण नाहीतर ते दुसऱ्या कुणी नेलं असतं.

आणि मग ती आली. तिचा आवाज बारीक, उंच. त्यातला अर्धा त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. पण ती मराठी शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवत होती. पहिलीच्या मुलांशी जसं बोलतात तसं ती सगळ्यांशीच बोले, प्रत्येक अक्षराला तोंड पूर्ण उघडून. तिच्या ओठांवर तिचं वाक्य छापल्यासारखं दिसे.

रविवारी जायचं त्यानं त्याच क्षणी ठरवलं. आणि कानाचं सांगायचं नाही, हेही त्याच क्षणी. गाणं ऐकायला ज्याला बोलावलंय, त्याला ऐकू येत नाही हे कळल्यावर दुसऱ्या रविवारी कोण बोलावील?

*

सुधाकर देवस्थळी हे सुरतेतल्या जॅझप्रेमींचे अध्यक्ष होते. तरुणपणी मुंबईत बँकेत असताना चर्चगेटच्या एका हॉटेलाबाहेर उभं राहून त्यांनी ते फुकट ऐकलं आणि पुन्हा बरे झाले नाहीत. बदलीनं सुरतेत आल्यावर त्यांना आणखी दोन जॅझप्रेमी सापडले होते. त्यातला एक वारला आणि दुसरा भजनाकडे वळला. दोघांबद्दल सुधाकरराव सारख्याच दुःखानं बोलत.

"बस," ते योगेंद्रला म्हणाले. "इथे दोन नियम. डोळे मिटायचे, आणि बोलायचं नाही. तबकडी संपली की मी विचारीन."

डोळे मिटायचे! योगेंद्र धास्तावला. डोळे मिटले की त्याचे निम्मे कान मिटत. पण तबकडी फिरू लागली, आणि तो जाड आवाज फरशीतून, चटईतून, मांड्यांतून वर आला… आणि तो भीती विसरला.

तबकडी संपली. सुधाकररावांनी विचारलं, "काय ऐकलंस?"

"तो जाडा," योगेंद्र म्हणाला. "तो कुठेच जात नाही."

"आणि ट्रंपेट? ट्रंपेट कसा वाटला?"

"ट्रंपेटकडे…" योगेंद्रनं घसा साफ केला. "ट्रंपेटकडे लक्ष नव्हतं, काका."

सुधाकरराव खुर्चीत ताठ झाले. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून बायकोला म्हणाले, "सुनंदा, ऐकलंस का? ट्रंपेटकडे लक्ष नव्हतं म्हणतो! अगं, याला म्हणतात कान!"

चुकांचेही प्रकार असतात. ही चूक जॅझ ऐकणाऱ्या बँक अधिकाऱ्यानंच करावी. दुसरा कोणी म्हणाला असता, मुलाला ट्रंपेट ऐकू आला नसेल.

त्या दिवसापासून योगेंद्र दर रविवारी येऊ लागला. तबकड्यांची कव्हरं काहींची होती, काहींची नव्हती. नावं इंग्रजीत होती आणि कुणाच्या तोंडी बसत नव्हती. म्हणून त्यांची घरगुती नावं पडली. एका तबकडीत फक्त पियानो आणि डबल बेस होता. ती झाली 'दोघांची'. एकीत डबल बेस आधी एकटाच काहीतरी बजावून सांगतो आणि बाकीचे घाईघाईनं 'हो हो' म्हणतात. तिला सुनंदाबाईंनी स्वयंपाकघरातून नाव दिलं, 'सासूबाई'. एक तबकडी कुठल्या तरी दारूच्या गुत्त्यात ध्वनिमुद्रित केलेली. मागे पेले किणकिणत होते, म्हणून 'पेल्यांची'. योगेंद्रनं त्या नावाला मान डोलावली. पेले त्यानं कधी ऐकलेच नव्हते. आणि एका तबकडीची अख्खी बाजू नुसता डबल बेस. "जेवणात नुसतं मीठ," असं सुधाकरराव पहिल्या दिवशी म्हणाले. पण योगेंद्र तिच्यासमोर असा बसे, की चार रविवार गेल्यावर त्यांनी स्वतःच ती मागून लावली.

मग त्यांनी स्वतःच्या जुन्या तबकड्या पुन्हा काढल्या. इतकी वर्षं ज्यात ते ट्रंपेटच ऐकत आले, त्यात खाली हा जाडा पहिल्यापासून चालत होता. कुणी हाक मारो न मारो. एकेक तबकडी पुन्हा नवी सापडत होती. बँकेत त्यांनी चहावर सांगायला सुरुवात केली, "आमच्याकडे एक मुलगा येतो. खालचं ऐकतो. थेट खालचं!" तबकडीवर सुई ठेवायचा आणि उचलायचा मानही त्यांनी योगेंद्रला दिला. हा मान सुनंदाबाईंना लग्नापासून मिळाला नव्हता.

सुनंदाबाई मात्र चहा देताना बघत होत्या. मिटलेल्या डोळ्यांपैकी एक जोडी मधूनच उघडते, आणि समोर दुसरी जोडी आधीपासूनच उघडी असते.

*

सुधाकररावांच्या एका मित्रानं मुंबईहून नवी तबकडी पाठवली. रविवारपर्यंत त्यांना धीर निघेना. अनुजाची शाळा लिंबायतला. तिथून डिंडोलीच्या रस्त्यावरचं योगेंद्रचं खातं लांब नव्हतं. "जाता जाता सांगून ये त्याला," ते म्हणाले. ते जाता जाता नव्हतं, चांगलं उलट्या दिशेला होतं. अनुजानं ते लक्षात आणून दिलं नाही.

खात्याच्या दारात ती उभी राहिली आणि आवाज भिंतीसारखा अंगावर आला. तिनं हाक मारली. स्वतःची हाक तिला स्वतःलाच ऐकू आली नाही. योगेंद्र पार दुसऱ्या टोकाला, मागावर वाकलेला. त्यानं वर पाहिलं… आणि नुसत्या ओठांनी विचारलं, 'काय झालं?'

तिला कळलं! साठ मागांच्या पलीकडून, स्पष्ट. तिनंही नुसत्या ओठांनी सांगितलं, 'बाबांनी बोलावलंय. नवी तबकडी आलीय.'

'येतो.'

केवढी गंमत होती ती! तोफ उडाली असती तरी इथं कुणाला ऐकू गेली नसती. अनुजाला धीट वाटलं. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि ओठांनीच म्हटलं, 'केसांत धागा अडकलाय तुमच्या. छान दिसतो.'

तो लाजला. हे ठीक होतं. पण त्याच्या शेजारचा माणूस हसला. मग त्याच्या शेजारचा. मग सगळी रांग. बळीराम नावाच्या टक्कल पडलेल्या म्हाताऱ्या कारागिरानं मागावरून एक धागा उचलला, आपल्या चकचकीत डोक्यावर ठेवला आणि अनुजाला ओठांनी विचारलं, 'मी?'

ती धावतच बाहेर आली. योगेंद्र मागोमाग.

"सगळ्यांना कळतं?" ती संतापून म्हणाली. "सगळ्यांना?"

"खात्यात सगळे असेच बोलतात. ओरडून काय फायदा?"

"मग आधी सांगायचं नाही?"

"तुम्ही बोललात तेव्हा थांबवावंसं नाही वाटलं."

"आता मी पुन्हा इथं पाऊल ठेवणार नाही."

"उद्या?"

"उद्या शाळा आहे," ती म्हणाली. मग न राहवून हसली. "आणि 'तुम्ही' काय रे सारखं? साठ माणसांसमोर तुझ्या केसांचं कौतुक करून बसले मी. आता 'तू' म्हण."

"तू," तो म्हणाला. आणि पुन्हा एकदा, चव घेतल्यासारखं, "तू."

"म्हणून तोंडाकडे बघत असतोस होय! मला वाटायचं… जाऊ दे काय वाटायचं. सवय आहे ही खात्याची!"

खरं सांगायचं दार उघडं होतं. आत शिरून 'नुसती सवय नाही गं' एवढंच म्हणायचं होतं. योगेंद्रनं तिच्या त्या आनंदी ओठांकडे पाहिलं. रविवार डोळ्यांसमोर आला, ती चटई, तो चहा…

"हो," तो म्हणाला. "सवय."

*

नवी तबकडी मुलखावेगळी होती. आधी डबल बेस एकटाच आला, इतका जवळून की वादकाचा अंगठा तारेवरून घसरलेला कळत होता. सुधाकररावांनी डोळे मिटले. अनुजानं मिटले. योगेंद्रनंही, आज पहिल्यांदाच मनापासून, मिटले.

मग डबल बेस थांबला.

योगेंद्र वाट बघत राहिला. शांत. अजून शांत. बाजू संपली असणार. सुई फुकट फिरत राहिली तर झिजते, हे काकांनीच शिकवलं होतं. तो उठला, आणि अलगद सुई उचलली.

"अरे!" सुधाकरराव ओरडले. "अरे काय केलंस!"

योगेंद्रनं तबकडीकडे पाहिलं. अर्धीअधिक बाजू अजून शिल्लक होती.

"बासरी चालली होती!" सुधाकरराव म्हणाले. "इतकी हळू, इतकी वर… झांजेवर नुसता ब्रश फिरत होता… सगळ्या तबकडीतली सुंदर जागा ती!"

"चालू होतं?" योगेंद्रनं विचारलं. त्यानं ते इतक्या सरळपणे विचारलं, की पुढचं काही सांगावंच लागलं नाही. तरी त्यानं सांगितलं.

"वरचं मला ऐकू येत नाही, काका. खात्यात गेलं. बासरी नाही येत. ट्रंपेटचा नुसता धूर येतो. पेले… पेले तर मी कधी ऐकलेच नाहीत."

सुधाकरराव खुर्चीत मागे टेकले. "म्हणजे तुला डबल बेस आवडतो असं नाही," ते सावकाश म्हणाले. "तुला दुसरं काही येतच नाही."

"आवडतो, काका. दुसरं येत नाही म्हणून जास्त आवडतो."

"मी बँकेत सगळ्यांना सांगितलं रे…" ते म्हणाले. चांगला माणूस दुखावला की आधी त्याला आपली फजितीच दिसते. थोडा वेळ लागतो.

अनुजा उठून उभी राहिली होती. ती योगेंद्रच्या समोर आली, नीट उजेडात, त्याला ओठ दिसतील अशी. "आणि माझा आवाज?" तिनं विचारलं.

तो खोटं बोलू शकला असता. सवयीचं होतं.

"अर्धा येतो," तो म्हणाला. "बाकीचा बघतो."

अनुजा आतल्या खोलीत गेली. आपण रडणार हे तिला कळलं होतं, आणि पहिलीची बाई कुणासमोर रडत नाही. पण योगेंद्रला तिची पाठ दिसली, आणि पाठीला ओठ नसतात. त्यानं त्याच्या परीनं अर्थ लावला. तबकड्यांचं खोकं तिथंच ठेवून तो चपला घालून निघून गेला.

*

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

दुपारी घर निजलेलं असताना अनुजानं टेपरेकॉर्डर घेतला. कोरी कॅसेट घातली. तिच्या मनात योगेंद्रला सांगायचं जे होतं ते सगळं तिनं बोलून भरलं. मग टेप वडिलांच्या अँप्लिफायरला जोडला, आणि वरचे सूर कमी-जास्त करायचं जे बटण असतं ते पार उलटं, शेवटपर्यंत फिरवलं.

आणि ऐकलं.

पलीकडच्या घरात कुणीतरी बाई बोलत होती. रजईत तोंड घालून. शब्दांचे कोपरे गेले होते. 'स' नव्हता, 'त' नव्हता, 'च' नव्हता. तिनं त्याचं नाव घेतलेलं होतं ते कुठं आलं आणि कुठं गेलं, हे तिचं तिलाच सापडेना. राहिलं होतं ते फक्त चढणं आणि उतरणं. कुठं थांबली, कुठं अडखळली… एवढंच.

एवढ्यावर तो रविवारमागून रविवार तिच्याशी बोलत होता. हसत होता, वेळेवर.

तिनं मागे पाहिलं तर दारात सुधाकरराव उभे होते. किती वेळ, कुणास ठाऊक. ते आत आले. कॅसेट काढून त्यांनी आपली लाडकी तबकडी लावली, ती चर्चगेटच्या दिवसांपासूनची. बटण तसंच राहू दिलं. आज त्यांनी डोळे मिटले नाहीत.

ट्रंपेट आला तो धूरच होऊन. त्याच्या खालून, कशाचीही पर्वा न करता, जाडा चालत राहिला.

बाजू संपली, तशी त्यांनी सुई उचलली.

"त्याला वाईट बोललो मी," सुधाकरराव म्हणाले. "गाणं ऐकायला आलेल्या मुलाला—"

"तो गाणं ऐकायला येत होता असं फक्त तुम्हालाच वाटत होतं," सुनंदाबाई म्हणाल्या. त्याही उठून आल्या होत्या.

सुधाकररावांनी बायकोकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि सगळ्यात शेवटी कळणाऱ्या माणसाचा चेहरा केला. "अगं पण… नवागाम… खातं… आणि त्यात त्याला ऐकू येत नाही!"

"तुम्हाला ऐकू येतं," सुनंदाबाई शांतपणे म्हणाल्या. "सत्तावीस वर्षं हाका मारतेय. काय उपयोग झाला?"

अनुजानं ओढणी घेतली आणि ती बाहेर पडली.

*

नवागामच्या गल्लीत संध्याकाळच्या भाजीच्या गाड्या लागल्या होत्या. घराच्या ओट्यावर योगेंद्रची आई, धुरपदाबाई, साडीला टिकल्या लावत बसली होती. तिनं अनुजाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तूच ती मास्तरीन का वं, माय? बठ." तिनं टिकल्यांची पिशवी सरकवून जागा केली. "मना आंडोर योगेंद्र धड जेवस नही, बोलस नही. त्याले बारीक आयकू येत नही, तेनी लाज वाटस त्याले. मी त्याले हाक मारतच नही. भिंतवर मुक्का मारस. लगेच येस!"

"मुक्का मारायला मला जमणार नाही, मावशी," अनुजा म्हणाली.

"शिकशी," धुरपदाबाई म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.

योगेंद्र गल्लीच्या तोंडाशी दिसला. तो तिला पाहून भाजीच्या गाडीपाशीच थांबला. ओटा सोडून तीच पुढे गेली.

"मी आत गेले ते रडायला," ती म्हणाली. "तुला जा म्हणायला नाही. राग आला होता मला. येत नाही त्याचा नाही. सांगितलं नाहीस त्याचा."

"सांगितलं असतं तर बोलावलं असतंस?"

"नसतं बोलावलं," ती म्हणाली. "तेव्हा मला अक्कल नव्हती."

तो किंचित हसला. मग हसणं गेलं. गाडीवरचा मुळा त्यानं उगाच उचलला आणि ठेवला. "अनुजा, नीट विचार कर. आज अर्धा आवाज येतो. पुढचं माहीत नाही. आणि उद्या आपलं… म्हणजे समज… पोर झालं आणि रडलं, तर मला कळणारसुद्धा नाही. शेजारचं पोर रडतं ते मला फक्त दिसतं. तोंड उघडं दिसतं. त्याची मला फार भीती वाटते."

तो इतके दिवस जेवत का नव्हता ते तिला आता कळलं. कानांच्या लाजेमुळे नव्हतं ते. एक न झालेलं मूल न ऐकू येता रडत होतं, आणि हा माणूस त्यासाठी आत्तापासून जागत होता.

"रडलं तर मी उठीन," ती म्हणाली. "उठून तुला हलवीन. मग तू ते घेऊन फिरायचं आणि मी झोपायचं. छातीशी धरलंस की रडणं कळतं, कानांची गरज नाही. आणि मुलगा झाला तर पुढे आवाज फुटेलच की. मग तो तुझ्याशी बोलेल आणि माझ्याशी भांडेल."

"आणि मुलगी झाली तर?"

"तर तिला लहानपणापासून तोंड उघडून बोलायला शिकवीन. पहिलीचा वर्ग आहे माझ्याकडे." तिनं श्वास घेतला. "पण एक सांगते. खातं सोड. नाहीतर जे आहे तेही—"

"सोडलं," तो म्हणाला.

"काय?"

"शेठला सांगून आलो. उधन्याला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, तिथं बसणार आता. तिथं एक पंखा फिरतो, तेवढाच आवाज."

"कधी ठरवलंस?"

"तुमच्याकडून निघालो तेव्हाच. तू येशील असं वाटलं नव्हतं." तो खाली बघत बोलत होता, म्हणजे आता तिनं काही म्हटलेलं त्याला दिसणार नव्हतं. "जेवढा येतो तेवढा तरी राहावा म्हणून."

तिनं त्याची हनुवटी बोटानं वर केली. "काय राहावा? डबल बेस?"

"तो पण," तो म्हणाला. "तुझा आवाज."

ज्या गोष्टी जगात सगळीकडे कानात सांगतात, त्या या माणसाच्या कानात सांगून उपयोग नव्हता. आणि नुसत्या ओठांनी सांगायचं तर समोरची सगळी गल्ली खात्यातली. अनुजानं विचार केला. बारीक आवाज गिळून टाकला, पोटातून जेवढा जाड काढता येईल तेवढा आवाज काढला, आणि भर संध्याकाळी, मुळ्याच्या गाडीपाशी उभं राहून मोठ्यानं म्हणाली—

"माझं प्रेम आहे तुझ्यावर!"

भाजीवाल्याचा तराजू हवेत राहिला. समोरच्या दारातली बाई घागर घेऊन तशीच थांबली.

"हळू बोल," योगेंद्र म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "लोक ऐकतायत."

"तुला ऐकू आलं का?"

"आलं."

"अख्खं?"

"अख्खं. डोळे मिटले होते मी."

"मग लोकांना आलं तर बरंच झालं," ती म्हणाली. "मला मागे घेता येणार नाही… आता तू बोल. लवकर बोल रे, मुळेवाला बघतोय."

योगेंद्रनं उत्तर दिलं. अगदी हळू, तिच्या कानाजवळ वाकून. म्हणजे त्याला ते हळू वाटलं. आपला आवाज केवढा निघतो हे त्याला कळत नसे. गल्लीच्या टोकापर्यंत सगळ्यांनी वळून पाहिलं, आणि आत चुलीपाशी बसलेल्या धुरपदाबाईनं चहाच्या आधणात आणखी एक पेला पाणी ओतलं.